शर्टाखाली न दिसणारं पिस्तूल

आमच्या ह्यांचं नाव कडूबा. आधीची लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून सासूबाईंनी ह्यांचं नाव कडू ठेवलं. कडू म्हटलं की मरण तोंड लावत नाही, अशी त्यांची समजूत. माणूस मात्र नावाला जागला नाही. पंगतीत आग्रह करकरून वाढावं ते ह्यांनीच, रस्त्यात ओळखीचा दिसला की गाडी थांबवून चहा पाजावा तो ह्यांनीच. बोलायला लागले की समोरच्याला 'हूं' म्हणायलाही फट सापडायची नाही. असा माणूस गेल्या मार्गशीर्षापासून 'व्हय' आणि 'नाय' एवढ्यावर आला.

वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर ताटाची आठवणही करायचे नाहीत. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस, त्या दिवशी ताट चाटूनपुसून उठला आणि हात धुवायला गेला. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. भांडणारा नवरा परवडतो, पण आळणी आमटी गुमान खाणाऱ्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

मी रत्नमाला. हर्सूलला बालवाडी चालवते. दिवसभर पोरांवर ओरडून माझा आवाज मोठा झालाय आणि स्वभाव तिखट, असं माहेरचे म्हणतात. सासरचे काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण हे का गप्प झाले, हे ह्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं, आणि ते बोलून दाखवायची माझीही छाती नव्हती.

आमचं गाव चौक्याचा घाट उतरलं की फुलंब्रीच्या अलीकडं. सासरे आप्पासाहेब गावात वजनदार माणूस. त्यांच्याकडं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, बत्तीस बोअरचं, चकरीत सहा गोळ्या बसणारं. दोन मुलं, गोकुळ थोरला आणि हे धाकटे. जायच्या आधी आप्पासाहेबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की देव थोरल्याला आणि रिव्हॉल्व्हर धाकट्याला. गोकुळ शेतावर राहणार, देवाला रोज फूल तोच वाहील. कडू शहरात चार लोकांत फिरणार, त्याला संरक्षण लागेल. या वाटणीवर कुणी ब्र काढला नाही. भांडण झालं ते सडकेला लागून असलेल्या पट्ट्यावरून. सडक रुंद झाली तशी त्या पट्ट्याची किंमत वाढली आणि दोघांनाही एकदम आठवलं, की आप्पा तो मलाच म्हणाले होते. उन्हाळ्यात थोरल्या भाऊजींनी तिथं तार ओढली. सामाईक विहिरीची वाट तारेच्या आत गेली आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं.

हे आधी शेंद्र्याला कंपनीत होते. पुढं नोकरी सोडून प्लॉटिंगच्या धंद्यात पडले. त्या धंद्यात पांढरा शर्ट, पांढरी गाडी आणि कंबरेला काहीतरी असल्याशिवाय गिऱ्हाइकाला माणूस खरा वाटत नाही. कंबरेचं तर ह्यांना वारशानंच मिळालेलं. पण पोट आधीच पुढं आलेलं, त्याच्या बाजूला ही आणखी एक गाठ. जेवायला बसलं की रिव्हॉल्व्हर मांडीत रुतायचं. लग्नात फोटोवाला म्हणायचा, काका, तो मोबाइल काढून ठेवा ना खिशातला. मी लई हसायचे. शेवटी पावसाळ्यात ह्यांनी जुनं देऊन नवं घ्यायच्या परवानगीसाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज केला. हवं होतं ते छोटं, चपटं, शर्टाखाली न दिसणारं पिस्तूल. तेव्हा त्यात भिण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं.

मग दसरा आला. भाऊ बोलत नसले तरी देव थोरल्याच्याच घरी, त्यामुळं खंडेनवमीची शस्त्रपूजाही तिथंच. हे गेले, पण कुणाकडं बघितलं नाही. गोळ्या काढल्या, चकरी बाहेर उघडली आणि रिव्हॉल्व्हर पाटावर विळ्या-कोयत्यांच्या, पहारीच्या आणि ट्रॅक्टरच्या चावीच्या शेजारी ठेवून दिलं. पूजा थोरल्या सुनेनं करायची, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, लक्ष्मीबाईंनी. त्यांचा हात सढळ. हळद, कुंकू, झेंडू आणि कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता मूठभर. आप्पासाहेब होते तेव्हा पूजा झाली की स्वतः बसून रिव्हॉल्व्हर पुसायचे, तेल घालायचे, मगच उठायचे. त्या दिवशी तारेवरून पुन्हा शब्दाला शब्द लागला. ह्यांनी रिव्हॉल्व्हर तसंच, कुंकवासकट, रुमालात गुंडाळलं आणि आम्ही न जेवता घरी आलो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी मेथी निवडत बसले होते. हे समोर येऊन खुर्चीवर बसले.

"काल विहिरीवर गेलतो," म्हणाले.

"तारेतून? कशाला?"

"दादा स्टार्टरपाशी वाकलेला हुता. पाठ हुती माझ्याकडं. मी चाप ओढला."

"कशाचा?" मी विचारलं. असं का विचारलं, ते मला अजून कळत नाही.

"उडली नाय. नुसतं टक् झालं."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. दुधाचा रतीब बदलल्याचं सांगावं तशा आवाजात हे बोलत होते.

"मोटार चालू हुती. त्या आवाजात त्याला ऐकू नाय गेलं. मागं वळला तवर मी शर्टाखाली खोसलं हुतं. मला बघून म्हणला, आला का? ये. थर्मासात चहा हाय."

"मंग?"

"मंग चहा घेतला."

एवढं बोलून हे उठले आणि आंघोळीचं पाणी तापलं का म्हणून विचारलं. मी व्हय म्हणाले. पुन्हा मेथी निवडायला घेतली आणि बऱ्याच वेळानं बघितलं, तर पानं केरात टाकली होती आणि काड्या परातीत ठेवल्या होत्या. राग यायला हवा होता, किंवा रडू तरी. काहीच आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल होतो तसं.

सांगायचं कुणाला? लक्ष्मीबाईंना सांगितलं तर त्या गाव गोळा करतील, आणि केलं तर त्यांचं काही चुकणार नाही. मी रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या काढून हरभऱ्याच्या डब्यात तळाशी घातल्या. ह्यांनी त्या कुठं गेल्या म्हणून विचारलंसुद्धा नाही. हे दिवसभर गॅलरीत बसायचे, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. मी कितीतरी वेळा विचारलं, "पुन्हा असं कराल का हो?" हे म्हणायचे, "ठावं नाय." नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. खोटं बोलायचंही ह्यांना सुचेना, याचंच मला जास्त भ्या वाटायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लक्ष्मीबाई शहरात त्यांच्या बहिणीकडं आल्या होत्या, मीही तिथं गेले. आम्हा जावांचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. भांडण पुरुषांचं, हळदीकुंकू आमचं. वाण घेता घेता त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं काय बिनसलंय कुणाला ठावं, बाई. पारावर बसायचं सोडलं. कुटं बी बसले तर भिंतीला टेकून. मोटार चालू करायला बी आता गडी लागतो." मी म्हटलं, थंडी आहे, कंबर धरली असेल. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मी तो खाल्ला.

मग जानेवारी सरता सरता बंदुकीच्या दुकानातून फोन आला. परवानगी मिळालीच होती, आता मालही आला होता, येऊन पसंत करून जा म्हणाले. मी ह्यांना म्हटलं, "नको ते. फोन करून नाय म्हणून सांगा." ह्यांनी कपडे केले, परवाना घेतला, रुमालातलं रिव्हॉल्व्हर पिशवीत टाकलं आणि गाडीची चावी उचलली. हौस म्हणून नाही. फोन आला म्हणून निघाले होते. कुणी विहिरीत उतरा म्हटलं असतं तरी तसेच निघाले असते. जुनं रिव्हॉल्व्हर ऐन वेळी चाललं नव्हतं. नवं चाललं असतं. मी चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले.

दुकान शहागंजाकडं. मालक लतीफभाई, पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. आप्पासाहेबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी आम्हाला आत नेऊन बसवलं. मला बघून जरा चमकले.

"भाभी पहली बार आए," ते म्हणाले. "औरतां यहाँ नई आते."

"साडी घ्यायला हे माझ्यासोबत येतात," मी म्हटलं, "म्हणून मीबी आले."

साडीच्या दुकानात दिवसभर बसून काहीही न घेता कसं उठायचं, ही विद्या मला चांगली येते. तेवढ्याच भरवशावर मी तिथं बसले होते.

लतीफभाईंनी पहिलं काढलं ते सरकारी कारखान्याचं. मजबूत, म्हणाले, लेकिन वजन है. मी हातात घेतलं. खरंच जड होतं. "हे लावलं तर ह्यांची पँट खाली येईल," मी म्हटलं. लतीफभाई हसले. ह्यांनी नुसतं बघितलं.

दुसरं अगदी लहान होतं, तळहातात मावेल एवढं. ते तर खिशातसुद्धा दिसलं नसतं. पण लतीफभाईच सांगायला लागले, की लोकांना वाटतं छोटं म्हणजे सोपं, तसं नसतं; जेवढं छोटं तेवढा हाताला झटका जास्त, नळी आखूड म्हणून नेम धरायला अवघड, आणि गोळ्याही कमी बसतात. "कंबर कू हलका, हात कू भारी," ते म्हणाले.

"मंग काय उपयोग?" मी लगेच म्हटलं. "दुसरं दाखवा."

तिसरं चपटं होतं, ना मोठं ना लहान. लतीफभाईंनी ते रिकामं असल्याचं आधी स्वतः तपासलं, मग आम्हाला दाखवलं, मग एका चामडी म्यानात घालून ह्यांच्या पँटच्या आत कंबरेला अडकवलं. शर्ट बाहेर काढायला लावला. मला म्हणाले, "देखो भाभी, किधर दिखता?" कुठंच दिसत नव्हतं. मग ह्यांना खुर्चीवर बसायला लावलं, उठायला लावलं. गाडीत पट्टा लावायला अडचण येते का, ते हातानं पट्टा ओढल्यासारखं करून बघायला लावलं. नुसतं आरशासमोर उभं राहून पिस्तूल पसंत करायचं नसतं म्हणे. दिवसभरात माणूस जे जे करतो ते सगळं करून बघायचं.

"अब झुको," लतीफभाई म्हणाले. "समझो नीचे चाबी गिरी."

हे वाकले. शर्ट मागून वर सरकला, तरी पिस्तूल दिसलं नाही. मला दिसली ती ह्यांची पाठ. भाऊजींची पाठही अशीच आहे, रुंद, डावा खांदा जरा उतरलेला. आप्पासाहेबांचीही तशीच होती. स्टार्टरपाशी भाऊजी असेच वाकलेले असणार. मला तिथं बसवेना, आणि उठवेनाही.

"हे द्या," हे म्हणाले. दुकानात शिरल्यापासून ह्यांनी काढलेले हे पहिले शब्द.

"काळ्याशिवाय दुसरा रंग नाय का?" मी विचारलं.

"भाभी," लतीफभाई म्हणाले, "इसमें सब कालेच आते."

मी म्हटलं, मुठीला खरखरीत आहे, घामानं पुरळ येईल. मी म्हटलं, एवढी घाई काय आहे, पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं, हे आजारी आहेत, दोन महिने धड जेवले नाहीत. हे शेवटचं खरं होतं. लतीफभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मग ह्यांच्याकडं. ह्यांनी पिशवीतलं रुमालाचं गाठोडं काढून काचेवर ठेवलं.

"जुनं घ्या हे," म्हणाले. "चालत नाय."

"आप्पासाहेब का हथियार? चलता नई?" लतीफभाईंना ते स्वतःच्या अपमानासारखं लागलं. "कब चलाए थे?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

लतीफभाईंनी रुमाल सोडला. रिव्हॉल्व्हरवर कुंकवाचे डाग तसेच होते, वाळून काळपट झालेले. त्यांनी चकरी उघडून बघितली, रिकामी होती. अंगठ्यानं घोडा मागं ओढला. घोडा म्हणजे चाप ओढला की मागून येऊन गोळीच्या बुडावर आदळतो तो लोखंडी तुकडा. डोळा लावून आत बघितलं आणि जिभेनं च् केलं. खाली वर्तमानपत्र पसरलं, बारीक ब्रश आणि एक अणकुचीदार सळई घेतली आणि घोड्याखालच्या खाचेत हळूहळू टोकरायला लागले. कागदावर काहीतरी पडलं. मग आणखी थोडं.

"हौ," ते म्हणाले. "यईच था. चावल."

आम्ही दोघं वाकलो. कागदावर तांदळाचा दाणा होता, कुंकवानं लाल झालेला, अर्धा चेचून पिठी झालेला, तेलकट. त्याला लागून दुसरा अर्धा दाणा.

"हर साल दसरे के बाद दो-चार आतेच ऐसे," लतीफभाई सांगत होते. "किसी में कुंकू, किसी में नारियल का पानी. पूजा करो ना बाबा, मना नई. लेकिन बाद में पोंछना. इसमें दाना घोडे के नीचे आ गया. घोडा गिरा, लेकिन पूरा नई गिरा. आधाच मारा. गोली कायकू उडेगी?" त्यांनी खाच पुसली, तेलाचा थेंब सोडला, आणि रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप जमिनीकडं रोखून ओढला. टक् असा स्वच्छ आवाज आला. "देखो. अब बराबर चलता."

त्या आवाजासरशी ह्यांनी उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरला. मी बघितलं. तोच हात, दोन महिने मांडीवर उताणा पडलेला.

"वहिनीच्या हातच्या," हे म्हणाले.

"क्या?"

"अक्षता. वहिनीनं टाकल्यात ह्या."

आप्पासाहेबांनी पुसून ठेवलं असतं. ह्यांनी रागाच्या भरात पुसलं नाही. आणि त्या बाईनं आपलं घर ज्यांच्याशी बोलत नाही त्यांच्या शस्त्रावर मूठभर अक्षता टाकल्या, त्यातली एक तिच्या नवऱ्याच्या आड आली. म्हणजे एवढंच होतं मधे. नेम चुकला नव्हता, मन बदललं नव्हतं, तांदळाचा एक दाणा होता. मार्गशीर्षापासून मला काहीच वाटलं नव्हतं, ते सगळं तिथं त्या दुकानात वाटायला लागलं आणि मी पदर तोंडाला लावून बसले.

ह्यांनी तो चेचलेला दाणा बोटाच्या टोकावर घेतला, रुमालाच्या कोपऱ्यात ठेवला आणि गाठ मारली.

"लतीफभाई, नवं नको," म्हणाले. "जुनंबी तुमच्याकडंच राहू द्या. ठेवता येतं का?"

"जमा रखता मैं. पावती देता. पर अच्छा हो गया ना अब वो?"

"म्हणूनच," हे म्हणाले.

पावती घेऊन आम्ही निघालो. हर्सूलला घराकडं वळायच्या ठिकाणी गाडी वळली नाही, सरळ सावंगीच्या रस्त्याला लागली. कुठं म्हणून मी विचारलं. "दादाकडं," म्हणाले. रिव्हॉल्व्हर लतीफभाईंच्या तिजोरीत गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी मी ह्यांच्या कंबरेला हात लावून बघितला. ह्यांनी लावू दिला.

घरी लक्ष्मीबाई एकट्याच होत्या. आम्हाला दोघांना दारात बघून त्यांना काय करावं कळेना. आधी पाणी आणायला आत गेल्या, मग पाणी न घेताच बाहेर आल्या. भाऊजी विहिरीवर आहेत म्हणाल्या. हे तसेच मागच्या दारानं निघाले आणि मी ह्यांच्या मागं. तार जिथल्या तिथं होती. अजूनही आहे, त्या पट्ट्याचं भांडण मिटलेलं नाही, मिटेल असं वाटतही नाही. हे तार उचलून खालून गेले, मला उचलून धरली.

भाऊजी मोटारीच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून, तोंड वाटेकडं करून बसले होते. आम्हाला येताना बघितलं तसे उठले नाहीत, पण पाय जवळ घेतले. मी डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी राहिले. ह्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि हात पुढं केला.

"हे काय?"

"दसऱ्याच्या अक्षता. आप्पांच्या रिव्हॉल्व्हरात अडकल्या हुत्या. वहिनीच्या हातच्या."

"बरं," भाऊजी म्हणाले.

"दादा, मार्गशीर्षात मी हितं आलतो. तू वाकला हुता—"

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तू काय केलं ते."

"मोटार चालू हुती," हे म्हणाले.

"लाइट गेलती, कडू. म्हणून तर झाकण उघडून वाकलो हुतो. मोटार बंद हुती." भाऊजी ह्यांच्याकडं न बघता रुमालाकडं बघत बोलत होते. "आप्पांचं रिव्हॉल्व्हर चोरून आपून दोघं खेळलोय लहानपणी. त्याचं टक् मला ऐकू येणार नाय व्हय?"

विहिरीत पारव्यांची फडफड चालली होती. ह्यांच्या डोक्यात त्या दिवशी मोटार चालू होती, मार्गशीर्षापासून रोज चालू होती, आणि खरं तर तिथं सगळं शांत होतं.

"मंग चहा का दिला मला?" ह्यांनी विचारलं.

"दुसरं काय करू? पाय हलंना. हाताशी थर्मास हुता. वाटलं, चहा पिता पिता तरी मारणार नाय." भाऊजींनी भिंतीवरून हात फिरवला. "तवापासून पाठ उघडी ठेवून बसता येत नाय. परसाकडला बसलो तरी भिंत बघतो. लक्ष्मीला म्हणतो, कंबर दुखती."

हे मटकन खाली बसले आणि रडायला लागले. लहान पोरासारखं नाही, म्हाताऱ्या माणसासारखं. आवाज कमी आणि नाक फार. मला वाटलं, भाऊजी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. ठेवला नाही तेच बरोबर होतं, असं मला आता वाटतं. ते भिंतीला टेकून बसून राहिले आणि ह्यांचं रडणं संपायची वाट बघितली, मीही बघितली.

तेवढ्यात स्टार्टरचा लाल दिवा लागला. लाइट आली होती. गडी कुठं दिसत नव्हता. भाऊजींनी एकदा दिव्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग ह्यांच्या हातांकडं, त्यांत रुमालाशिवाय काही नव्हतं. स्टार्टरची पेटी आतल्या भिंतीला, खाली बसवलेली. तिथं जायचं तर आमच्याकडं पाठच होणार. मी म्हटलं, "भाऊजी, मी करते चालू." त्यांनी नको म्हणून मान हलवली.

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि थोडा वेळ तसेच आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. मग वळले, दोन पावलं आत गेले आणि वाकून पेटीचं झाकण उघडलं. शर्ट पाठीला घामानं चिकटला होता. हे जमिनीवर बसून त्या पाठीकडं बघत होते, आणि मोटार सुरू होईपर्यंत आमच्यापैकी कुणी हाललं नाही.